घाटातलं वळण कसं घ्यावं: नव्या दुचाकीस्वारांसाठी

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना एका डाव्या वळणावर माझी गाडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. वेग फार नव्हता, पन्नासच्या आतच होता. पण ते वळण पुढे आणखी आवळत गेलं, मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला, झुकलेली गाडी ताडकन उभी राहिली आणि समोरच्या कठड्याकडे निघाली. समोरून कोणी येत नव्हतं, एवढ्यावर मी वाचलो.

तोवर मला गाडी चालवायला लागून नऊ वर्षं झाली होती. परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवला होता, लायसन्स मिळालं होतं, पुणे ते कोकण कितीदा तरी झालं होतं. वळण घ्यायला मात्र कोणी शिकवलं नव्हतं आणि ते शिकण्यासारखं काही असतं हेही माहीत नव्हतं. त्यानंतर मी मैदानापासून सुरुवात केली. ज्या क्रमाने शिकलो तोच क्रम इथे देतो आहे. घाईने पायऱ्या गाळू नका, विशेषतः दुसरी आणि तिसरी.

सुरुवातीला काय काय लागेल

- आयएसआय छाप असलेलं, आयएस ४१५१ या मानकाचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकंच सैल.
- कोपर, खांदा आणि पाठीला संरक्षक पॅड असलेलं जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड, घोट्याच्या वर येणारे बूट. मैदानातल्या सरावालाही हे सगळं घालायचं. नवशिके जास्त पडतात ते तिथेच.
- लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधली प्रत चालते, पण घाटात रेंज नसते, म्हणून आधीच उघडून फोनमध्ये ठेवा.
- सरावासाठी खडू, दहा मीटरची दोरी, हवेचा दाब मोजायचा छोटा गेज आणि मधोमध कापलेले पाच-सहा जुने टेनिस बॉल. हे अर्धे बॉल खुणेसाठी उत्तम. चाकाखाली आले तर चपटे होतात, गाडी अडत नाही. वीट किंवा दगड ठेवू नका.

गाडी मोठी असायची गरज नाही. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर हे सगळं शिकता येतं, किंबहुना त्यावरच चांगलं शिकता येतं.

१. गाडी तपासा

रस्त्याला टेकलेला टायरचा भाग तळहाताएवढाही नसतो. वळणात सगळा भार त्याच्यावर असतो, त्यामुळे तपासणी टायरपासून. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. दाबाचा आकडा बहुधा चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, चिकटवलेला असतो. पेट्रोल पंपावरच्या माणसाने 'मागे पस्तीस टाकू ना?' असं विचारलं की मान हलवू नका, आपल्या गाडीचा आकडा सांगा. टायरच्या खाचा ०.८ मिलिमीटरच्या खाली गेल्या तर तो टायर दुचाकीवर कायद्यानेही चालत नाही. घाटासाठी तर त्याच्या बराच आधी बदला. रोज सरळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा टायर मधोमध झिजून सपाट झालेला असतो. असा टायर झुकताना धक्का देऊन पडल्यासारखा झुकतो आणि नव्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

चेन सैल नको, ब्रेक पॅड संपत आलेले नकोत, ब्रेक ऑइल काळं पडलेलं नको. हे गॅरेजमध्ये अर्ध्या तासात होतं.

२. आधी मैदान, मग रस्ता

रविवारी सकाळी बंद असलेलं एखादं पार्किंग किंवा मैदान बघा, मालकाची किंवा रखवालदाराची परवानगी घ्या आणि जमिनीवरची वाळू झाडून टाका. पहिले दोन-तीन रविवार इथेच घालवायचे आहेत.

पहिला सराव, चालण्याच्या वेगाने सरळ जाणं. हाफ क्लच धरा, रेस थोडी स्थिर ठेवा आणि वेग फक्त मागच्या ब्रेकने सांभाळा. पाय खाली न टेकता तीस मीटर जायला जेवढा जास्त वेळ लावता येईल तेवढा लावा. यू वळणावर ट्रक अडला की हेच कामाला येतं.

दुसरा सराव, ब्रेक. ताशी ३०, मग ४०, मग ५० वरून एका खुणेपाशी ब्रेक लावायचा. पुढचा ब्रेक झटक्याने धरायचा नाही. लिंबू पिळतो तसा आधी हलका, वजन पुढच्या चाकावर आलं की जोरात. थांबल्यावर पावलांनी अंतर मोजा आणि लिहून ठेवा. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ४० ने जाणारा सराव झालेला माणूस ब्रेक लावायला सुरुवात केल्यावर साधारण दहा-अकरा मीटरमध्ये थांबतो. पण धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात अकरा मीटर आधीच गेलेले असतात. ताशी ६० ला हीच एकूण बेरीज चाळीस मीटरच्या घरात जाते. मागचा ब्रेक एकटा वापरायची सवय आपल्याकडे फार जणांना आहे. पुढच्या ब्रेकने गाडी उलटते, ही भीती लहानपणी सायकलवर बसलेली असते. ती मैदानातच घालवा.

एबीएसबद्दल, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल, एक गैरसमज दूर करून ठेवतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहे, पण अनेकींना तो फक्त पुढच्या चाकाला असतो. शिवाय साधा एबीएस गाडी सरळ असताना वाचवतो. गाडी झुकलेली असताना ब्रेक आवळला तर तो वाचवेलच असं नाही.

तिसरा सराव, गोल. दहा मीटरच्या दोरीचं एक टोक मध्यभागी धरून दुसऱ्या टोकाला खडूने वर्तुळ आखा. त्यावरून ताशी २० ने, सवय झाली की २५ ने फिरा, दोन्ही दिशांना. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. माझी उजवी होती. जी कच्ची असेल त्या बाजूला दुप्पट फेऱ्या मारा.

३. हँडल ढकलायला शिका

इथे सगळेच थोडे गोंधळतात, म्हणून सावकाश वाचा. ताशी वीसच्या वर गेलं की गाडी हँडल वळवून वळत नाही, झुकून वळते. आणि ती झुकवण्यासाठी हँडलची त्याच बाजूची मूठ पुढे ढकलावी लागते. डावीकडे जायचंय तर डावी मूठ हलकेच पुढे. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे सरकतं, गाडीचा तोल डावीकडे जातो, आणि मग चाक आपलं आपण वळणाशी जुळवून घेतं.

तुम्ही हे आजही नकळत करताय, नाहीतर गाडी वळलीच नसती. पण नकळत आलेली गोष्ट भीतीच्या क्षणी विसरते. म्हणून मोकळ्या, सरळ, रुंद रस्त्यावर ताशी ४० ने जाताना एका तळहाताने डावी मूठ थोडी ढकलून बघा. गाडी लगेच डावीकडे झुकेल. सोडा, सरळ होईल. मग उजवी. शंभर-दोनशे वेळा करा. पुढे रस्त्यावर अचानक खड्डा आला तर हाच हात तुम्हाला त्याच्या बाजूने काढेल.

हे करताना कोपरं सैल हवीत. हँडल घट्ट आवळून धरलं तर दोन्ही हात एकमेकांशी भांडतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा अडवतो, आणि गाडी वळत नाही. शरीराचा भार हातांवर घ्यायचा नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची. पायाचा चवडा फूटरेस्टवर, टाच नाही. गुडघा बाहेर काढून रस्त्याला लावायची घाटात काहीही गरज नाही. खांदे थोडे वळणाच्या आतल्या बाजूला आणि डोळे क्षितिजाशी समांतर, एवढं पुरे.

४. वेग वळणाच्या आधी उतरवा

गाडीला किती झुकावं लागेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या या दोनच गोष्टींवर ठरतं, गाडीच्या वजनावर नाही. घाटातलं एक आवळ वळण घेऊ, त्रिज्या वीस मीटर. ते ताशी ३० ने घेतलं तर गाडी सुमारे २० अंश झुकते. ताशी ४० ने घेतलं तर ३२ अंश. ताशी ५० ने घेतलं तर ४४ अंश, म्हणजे साध्या गाडीचा फूटरेस्ट रस्त्याला घासू लागतो. ताशी ६० ने ५५ अंश झुकावं लागेल, आणि ते रस्त्याच्या टायरवर होणारच नाही. तीस आणि पन्नास यांत फरक वीसचाच दिसतो, पण वेग वाढतो त्याच्या वर्गाने टायरवरची ओढ वाढते. आंबेनळीत मी ज्याला 'फार नव्हता' म्हणत होतो तो वेग हाच.

म्हणून क्रम पाठ करा. गाडी सरळ असताना ब्रेक, गाडी सरळ असताना गिअर उतरवणं, मग नजर, मग मूठ ढकलणं, आणि गाडी झुकली की रेस अगदी थोडी, एकसारखी उघडी. वळणात रेस एकदम सोडली की वजन पुढे येतं, गाडी अस्वस्थ होते. एकदम पिळली तर ती बाहेर जाते. थोडी उघडी रेस गाडीला बसवून ठेवते. आणि रेस थोडी उघडी ठेवता येईल इतक्या हळू वळणात शिरायचं, हाच वेग बरोबर आहे की नाही याचं माप आहे. वळणाच्या मधोमध ब्रेकची आठवण झाली तर तुम्ही जास्त वेगात शिरला आहात. पुढचं वळण पाच-सात किलोमीटर कमी वेगाने घ्या.

वळणात शिरल्यावरही पुढचा ब्रेक हलकेच सोडत सोडत जाण्याचं एक तंत्र आहे. ते उपयोगाचं आहे, पण पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

५. नजर पुढे न्या

जिथे बघाल तिथे गाडी जाते. कठड्याकडे बघितलं तर कठड्याकडे, खड्ड्याकडे बघितलं तर खड्ड्यात. वळणात नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर हवी, आणि त्यासाठी फक्त डोळे नाही, मान वळवावी लागते.

घाटात बऱ्याचदा ती जागा दिसत नाही. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू धरा. तो तुमच्याकडे येतोय असं वाटलं तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तुमच्याबरोबर सरकत असेल तर वेग ठीक आहे. पळू लागला तर वळण उघडतंय, आता रेस देता येईल. माझ्यासाठी ही सगळ्यांत मोठी शिकवण होती. आंबेनळीत तो बिंदू माझ्याकडे धावत येत होता आणि मी मीटरकडे बघत होतो.

आणि नियम एकच. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक असतो, गुरं असतात, वरंधा घाटात माकडांना खाऊ टाकायला भर रस्त्यात थांबलेली कार असते.

६. डावं वळण आणि उजवं वळण वेगळं

आपण डावीकडून चालतो, त्यामुळे दोन्ही वळणांचे धोके वेगळे आहेत.

डाव्या वळणात वेग जास्त झाला तर गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. शिवाय डोंगर डावीकडे असला तर पुढचं काही दिसत नाही. डाव्या कडेला धुऊन आलेली खडी आणि चुरी असते, म्हणून अगदी कडेलाही जायचं नाही. आपल्या लेनच्या मधोमध राहा आणि घाईने आत वळू नका. थोडं उशिरा वळलं की पुढचं जास्त दिसतं आणि बाहेर पडताना गाडी मधल्या पट्ट्याकडे ढकलली जात नाही.

उजव्या वळणात लोक मधल्या पट्ट्याला चिकटतात. पट्ट्याच्या अलीकडे चाक असलं तरी झुकलेल्या माणसाचं डोकं आणि खांदा पलीकडे गेलेले असतात, आणि समोरचा बसचालकही पट्टा कापतच येत असतो. उजव्या वळणात चाक पट्ट्यापासून निदान दीड मीटर डावीकडे ठेवा.

बाहेरून आत, आतून बाहेर अशी सगळा रस्ता वापरणारी रेषा रेस ट्रॅकवरची आहे. तिथे समोरून कोणी येत नाही.

आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या. आणि रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्याचा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचं.

७. पहिला घाट कसा निवडाल

आठवड्याच्या मधल्या दिवशी, हिवाळ्यात, सकाळी सात ते दहा. एकटे जाऊ नका, पण जोडीदार तुमच्याहून वेगवान नको. पुण्याच्या बाजूचे असाल तर वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट चांगला. शनिवार-रविवारी मात्र तिथे सगळ्या गाड्यांच्याच रांगा असतात. ताम्हिणीचा रस्ता मोहात पाडतो आणि तिथला वेग हाताबाहेर जातो, म्हणून तो दुसरा किंवा तिसरा ठेवा. खंबाटकी सरावासाठी नको, अवजड वाहनं फार.

एकच घाट निवडा आणि त्याच सकाळी तीनदा करा. चढा, वर चहा प्या, उतरा, पुन्हा चढा. चढणीवर गाडी आपोआप हळू होते, चूक पोटात घालते. म्हणून शिकणं चढताना, आणि पहिली उतरण अगदी सावकाश. निघण्याआधी घाट चालू आहे का ते बघा. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध्यासारखे घाट जिल्हाधिकारी कधी अवजड वाहनांना, कधी सगळ्यांनाच बंद करतात.

८. उतार

पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारी माणसं मी घरातच पाहिली आहेत. हे करू नका. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि सतत दाबून धरलेला ब्रेक तापून लागेनासा होतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये राहून रेस पूर्ण सोडली की पेट्रोल बहुतेक बंदच होतं, त्यामुळे बचतही होत नाही. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत नाही, वळणाआधी नीट एकदा.

९. यू वळण

पहिला किंवा दुसरा गिअर वळणाआधीच टाका. मध्येच गिअर बदलायला गेलात की इंजिन बंद पडतं आणि उताराच्या बाजूला पाय पोचत नाही. बरेच जण तिथेच आडवे होतात. समोरून बस किंवा ट्रक येत असेल तर वळणाच्या अलीकडे थांबा, त्याला पूर्ण रस्ता लागतो. वळताना नजर चाकासमोर नको, खांद्यावरून वरच्या रस्त्याकडे हवी.

१०. वेग जास्त झालाच तर

जागा असेल आणि गाडी अजून झुकलेली नसेल, तर सरळच ठेवून जोरात ब्रेक लावा आणि वेग उतरल्यावर वळा. गाडी झुकलेली असेल तर पुढचा ब्रेक आवळू नका. नजर वळणाच्या शेवटी, आतली मूठ आणखी ढकला. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी तुम्हाला वाटतं त्याहून बरीच जास्त झुकते. बहुतेकदा टायरची पकड संपायच्या आधी चालवणाऱ्याचा धीर संपतो आणि गाडी सरळ दरीकडे जाते. हे वाचून येणार नाही. तिसऱ्या पायरीचे ते शंभर-दोनशे धक्के यासाठीच.

ज्यात नवे लोक हमखास अडकतात

ग्रुप. पुढच्याच्या मागे राहायच्या नादात त्याचा वेग आपला होतो, आणि त्याचं वळण त्याला झेपलं म्हणून तुम्हाला झेपेल असं नसतं. घाटात एकामागे एक, अंतर सोडून चाला. वर कुठे थांबायचं ते आधी ठरवा. मागे राहणाऱ्याची वाट न बघणारा ग्रुप सोडून द्या, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मागे बसणारी व्यक्ती. तिला आधीच सांगा, वळताना माझ्या आतल्या खांद्यावरून बघ, उलट्या बाजूला झुकू नकोस. दोघे असताना मागच्या टायरची हवा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं सेटिंग बदलतं, ब्रेकचं अंतर वाढतं. पहिल्या पाच-सहा घाटांत कोणालाही मागे घेऊ नका.

रस्त्यावर सांडलेल्या गोष्टी. चढणीच्या वळणावर भरलेल्या टाकीतून सांडलेलं डिझेल ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखं चमकतं, कोरड्यावर काळपट पट्टा दिसतो, आधी वास येतो. गाळपाच्या हंगामात सातारा-कोल्हापूरकडे उसाचं पाचट पडलेलं असतं. पावसात पांढरे पट्टे, सावलीतलं शेवाळ, पुलाच्या लोखंडी पट्ट्या. यांवरून जायचं तर गाडी शक्य तितकी सरळ, ब्रेक नाही, रेस नाही. पहिल्या पावसाचे पहिले दिवस सगळ्यांत निसरडे, महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. शिकत असाल तर तो पावसाळा सोडा.

अपघात झालाच तर महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर सगळ्यासाठी ११२. रेंज नसेल तर येणाऱ्या गाडीला थांबवून पुढच्या गावात निरोप द्या. पडलेल्याचं हेल्मेट तो श्वास घेत असेल तर ओढून काढू नका.

११. पुढे शिकायचं असेल तर

दहा-बारा घाट झाले, दोन्ही बाजूंची वळणं सारखी वाटू लागली, की ट्रॅकवर एक दिवस शिकायला जाण्याचा विचार करा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आणि कोइमतूरचा करी स्पीडवे हे दोन ट्रॅक अनेक वर्षांपासून आहेत. कीथ कोड यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरंही चेन्नईत झाली आहेत. शिकवणारा तुमच्या मागून येतो, चूक बघतो आणि पुढच्या फेरीला एकच गोष्ट सुधारायला सांगतो. असं शिकणं रस्त्यावर मिळत नाही.

जाण्याआधी दोन कामं करा. आयोजकांना विचारून जॅकेट आणि सूटचा नियम समजून घ्या, बहुतेक ठिकाणी एकसंध लेदर सूट लागतो आणि तो भाड्याने मिळतो का ते आधी ठरवावं लागतं. आणि विम्याची पॉलिसी काढून वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर गाडी पडली तर दुरुस्तीचा खर्च खिशातून. शक्य असेल तर तिथली भाड्याची गाडी घ्या.